चाँद दिसण्याआधीची देणी

रमजान तोंडावर आला की बाजारात खजुरांचे ढीग लागतात. घरात बेसन, शेवया, सरबताच्या बाटल्या येऊन पडतात आणि शेजारीपाजारी विचारतात, "काय, झाली का तयारी?" ही तयारी डोळ्यांना दिसते. दुसरी एक तयारी असते, ती मनाची, आणि ती चाँद दिसायच्या दोन महिने आधी, रजब आणि शाबान या महिन्यांत सुरू होते. ती नेमकी काय असते, कशासाठी असते, हे इथे सोपे करून सांगायचे आहे. अनेकांना वाटते की मनाची तयारी म्हणजे जास्तीच्या नमाजा आणि जास्तीच्या दुआ. त्या आहेतच. पण माझ्या मते या तयारीचा गाभा जुनी देणी फेडण्यात आहे. काही देणी अल्लाहची, आणि बरीचशी माणसांची.

आधी थोडे कालगणनेचे. इस्लामी वर्ष चंद्राचे, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपल्या पंचांगात अधिक महिना घालून चांद्र वर्ष ऋतूंशी जुळवून घेतात. इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१८ आणि २०१९ मध्ये तो मे-जूनमध्ये होता, विदर्भातल्या लोकांनी ते रोजे ऐन उन्हात काढले. २०३० मध्ये तो जानेवारीत येईल आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा येईल. ऋतू कोणताही असो, पहाट फुटण्यापूर्वीपासून सूर्य मावळेपर्यंत अन्न, पाणी, विडी-सिगारेट, पती-पत्नीचा संबंध, सगळे बंद. हे रोजे हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ च्या सुमारास मदिनेत फर्ज झाले. फर्ज म्हणजे टाळता न येणारे कर्तव्य.

रोज्यांविषयीच्या आयती, म्हणजे वचने, कुरआनच्या दुसऱ्या सूरेत (अध्यायात), अल-बकरामध्ये, १८३ ते १८७ या क्रमांकांवर आहेत. पहिल्याच आयतीत हेतू सांगून टाकला आहे: तुमच्या आधीच्या लोकांवर रोजे जसे बंधनकारक होते तसे तुमच्यावर केले, जेणेकरून तुमच्यात तकवा यावा. अल्लाह पाहतो आहे याचे भान ठेवून वागणे, असा तकव्याचा साधा अर्थ. बंद खोलीत, कोणी बघत नसताना, समोर गार पाण्याचा तांब्या असतानाही माणूस पाणी पीत नाही. हे भान महिनाभर रोज घोटले की ते अंगवळणी पडावे, अशी योजना आहे.

आता खरी नजर जायला हवी ती यापुढच्या आयतीकडे. १८७ वर रोज्यांचे नियम संपतात आणि लगेच १८८ वी आयत म्हणते: एकमेकांची मालमत्ता नाहक खाऊ नका, आणि लोकांच्या मालाचा काही भाग गिळता यावा म्हणून जाणूनबुजून अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचू नका. महिनाभर स्वतःच्या कमाईची हलाल भाकरीसुद्धा दिवसा खायची नाही असे सांगून झाल्याबरोबर दुसऱ्याचे खाऊ नका असे सांगितले आहे. जो माणूस अल्लाहच्या आज्ञेने स्वतःच्या ताटापासून हात आखडतो त्याला परक्याच्या ताटात हात घालणे शोभत नाही. रमजानच्या तयारीत माणसांची देणी मी पुढे का ठेवते, त्याचे कारण या दोन आयतींच्या शेजारात आहे.

तरी सुरुवात अल्लाहच्या देण्यापासून करू, कारण ते मोजायला सोपे. आजारपणात, प्रवासात जे रोजे सुटले ते पुढचा रमजान येण्याआधी धरायचे असतात. त्यांना कजा रोजे म्हणतात. पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर बाई रोजा धरत नाही. त्या दिवसांतल्या नमाजा माफ आहेत, रोजे मात्र मागाहून भरून द्यावे लागतात. म्हणजे बहुतेक सगळ्या तरुण बायकांच्या नावावर दर रमजानला पाच-सात रोजे बाकी राहतात. आमच्या अम्मीची रीत अशी की कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाखाली, पेन्सिलीने उभ्या रेघा मारून ठेवायच्या. एक कजा रोजा झाला की एका रेघेवर आडवी रेघ. त्या रेघा कशाच्या, हे घरातल्या पुरुषांनी कधी विचारले नाही.

शाबान उजाडला आणि रेघा उरल्या असतील तर बायका ओशाळतात. ओशाळू नये. प्रेषितांच्या पत्नी हजरत आयशा (र.) स्वतः सांगतात की माझ्याकडे रमजानचे रोजे बाकी असत आणि शाबान येईपर्यंत ते मला पुरे करता येत नसत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत, म्हणजे प्रेषितांची वचने आणि आचरण नोंदवणाऱ्या ग्रंथांत, हे आले आहे. पुढचा रमजान लागला तरी विनाकारण बाकी राहिलेच, तर शाफिई मतानुसार (शाफिई आणि हनफी या इस्लामी धर्मनियमांच्या दोन परंपरा) रोज्याबरोबर प्रत्येक दिवसामागे गरिबाला ठरावीक धान्यही द्यावे लागते. हनफी मतानुसार फक्त रोजा. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई, घाटावरचे बहुतांशी हनफी, त्यामुळे एकाच महाराष्ट्रात दोन्ही उत्तरे ऐकू येतात आणि दोन्ही बरोबर आहेत.

पुरुषांसाठी यात एक काम आहे. रमजानमध्ये सगळे घर रोज्याने असते, स्वयंपाकघर दुपारी थंड असते. शाबानमध्ये कजा रोजा धरणारी बाई उपाशीपोटी सगळ्यांच्या पोळ्या लाटते, मुलांचे डबे भरते, दुपारी सगळ्यांना वाढते. तिच्या रोज्यांचा हिशेब विचारू नये, पण ते दिवस ओळखून एक वेळचे रांधणे आपल्याकडे घ्यावे. घरात रमजान येण्याच्या तयारीत मी हे फार वरचे काम मानते.

शाबानमध्ये नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे धरण्याचीही रीत आहे. रमजान सोडला तर प्रेषित मुहम्मद (स.) इतर कोणत्याही महिन्यात शाबानइतके रोजे धरत नसत, असे हजरत आयशा सांगतात. उसामा बिन जैद (र.) यांनी कारण विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की रजब आणि रमजान यांच्यामधल्या या महिन्याकडे लोकांचे दुर्लक्ष होते, याच महिन्यात माणसांची कर्मे अल्लाहपुढे नेली जातात, आणि ती नेली जात असताना मी रोज्याने असावे असे मला वाटते. याचा व्यवहारातला फायदाही आहे. सोमवार-गुरुवारचे दोन-चार रोजे आधी झाले की रमजानच्या पहिल्या दिवशी डोके धरत नाही. चहाबाजांनी तर शाबानपासूनच दुपारचा चहा सोडून पाहावा. पहिल्या दोन-तीन दिवसांची डोकेदुखी बहुतेक वेळा चहा तुटल्याची असते. तंबाखू आणि मिश्रीचेही तेच. मात्र रमजानच्या एक-दोन दिवस आधी, सवयीचा वार नसेल तर, मुद्दाम नफिल रोजा धरायला मनाई आहे. फर्ज आणि नफिल यांची सरमिसळ होऊ नये म्हणून.

शाबानच्या मध्यावर येते शब-ए-बरात, १४ तारखेचा सूर्य मावळल्यावर सुरू होणारी रात्र. महाराष्ट्रात अनेक घरांत या दिवशी चण्याच्या डाळीचा हलवा होतो, पुरुष कब्रस्तानात जाऊन आईवडिलांच्या कबरीपाशी फातिहा पढतात, मशिदी रात्रभर उघड्या असतात. या रात्रीच्या खास विधींबद्दल उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, मतभेद आहेत. अहले हदीस, म्हणजे थेट कुरआन-हदीसचाच आधार मानणारी मंडळी, त्यांना आधार नाही म्हणतात. इतर अनेक जण एकट्याने केलेली इबादत (उपासना) चांगली मानतात. त्या वादात मी शिरत नाही. या रात्रीविषयी जी हदीस सांगतात तिच्यातला आशय मात्र वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी मनावर घ्यावा असा आहे. अल्लाह आपल्या बंद्यांकडे पाहतो आणि सगळ्यांना माफ करतो, दोघांना सोडून: एक, त्याच्याबरोबर दुसऱ्याला पुजणारा, आणि दुसरा, मनात वैर धरून बसलेला. शिर्कसारख्या, म्हणजे अल्लाहबरोबर दुसऱ्याला पुजण्यासारख्या, सर्वांत मोठ्या गुन्ह्याच्या शेजारी वैराला बसवले आहे!

म्हणून माणसांच्या देण्यांतले पहिले देणे म्हणजे माफी. त्या रात्री मोबाइलवर एकच मजकूर शेकडो जणांना जातो: माझ्याकडून कळत-नकळत काही चुकले असेल तर माफ करा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ज्याच्याशी तीन वर्षे अबोला आहे त्याला तो मजकूर बहुधा गेलेला नसतो, आणि गेला असला तरी त्याला कळते की हा सगळ्यांनाच गेलाय. तौबा, म्हणजे चुकीपासून मागे फिरणे, याच्या अटी उलेमा अशा सांगतात: चूक थांबवायची, तिची लाज वाटायची, पुन्हा न करण्याचा निर्धार करायचा, आणि चूक दुसऱ्या माणसाच्या हक्काशी निगडित असेल तर त्याचा हक्क त्याला परत करायचा किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यायचा. चौथी अट फोन केल्याशिवाय, घरी गेल्याशिवाय पुरी होत नाही. "भाईजान, त्या दिवशी मी जास्त बोलले, माफ करा" इतकेच बोलायचे असते. "पण तुम्हीसुद्धा..." हे शब्द तिथे आले की माफी राहत नाही, भांडण नव्याने सुरू होते. कोणाची पाठीमागे निंदा केली असेल आणि सांगायला गेल्याने त्याचे मन आणखी दुखणार असेल, तर अनेक उलेमा सांगतात की त्याच्यासाठी दुआ करावी आणि जिथे निंदा केली तिथेच त्याच्याबद्दल चांगले बोलावे.

मुस्लिम या संग्रहात एक हदीस आहे. प्रेषितांनी सोबत्यांना विचारले, दिवाळखोर कोण? ते म्हणाले, ज्याच्याकडे पैसा नाही, माल नाही तो. प्रेषित म्हणाले, माझ्या उम्मतीतला (अनुयायांतला) दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात (सक्तीचे वार्षिक दान) घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिली असेल, कोणावर आळ घेतला असेल, कोणाचा माल खाल्ला असेल, कोणाला मारले असेल. मग त्याच्या नेक्या त्या लोकांना वाटल्या जातील, आणि नेक्या संपल्या तर त्यांची पापे याच्या माथी येतील. म्हणजे रोजे होते, खरे होते, कबूलही झाले असतील. पण गेले दुसऱ्याच्या खात्यात.

इथे मला एक देणे नाव घेऊन सांगायचे आहे, कारण त्याबद्दल मशिदीच्या ओसरीवर फार कमी बोलले जाते. बाप गेला की सातबारावर वारसांची नावे लागतात आणि काही दिवसांतच बहिणींपुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो. कुरआनने सूरा निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, भावाच्या निम्मा. तो तिला मिळावा की नाही, हा भावांच्या मर्जीचा प्रश्नच नाही. तरी आपल्याकडे, बाकीच्या महाराष्ट्रात चालते तसेच, बहीण सही करते, कारण सही नाही केली तर माहेर तुटेल याची तिला भीती असते. निबंधक कार्यालयाच्या बाकावर, शेजारी भाऊ, समोर वकील, आणि ती नाव लिहिताना विचारते, "इथेच करायची ना?" या सहीला राजीखुशी म्हणता येणार नाही. तिचा वाटा तिच्या हातात पडला, नावावर झाला, आणि मग तिने मनाने भावाला दिला, तर ती गोष्ट वेगळी. जो भाऊ बहिणीच्या वाट्याच्या जमिनीतल्या ज्वारीची भाकरी सहरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला, खातो, त्याने १८७ व्या आयतीवर थांबू नये, १८८ वी वाचावी. बायकोची राहिलेली मेहर (निकाहात नवऱ्याने तिला द्यायचे कबूल केलेले धन), गड्याची अडकवलेली मजुरी, मित्राकडून घेतलेले आणि आता दोघांनीही न काढलेले हातउसने पैसे, सगळे याच रांगेत येते. सगळे एका शाबानमध्ये फेडणे होणार नाही. पण कागदावर लिहून काढणे, ज्याचे आहे त्याला "मला आठवण आहे, अमुक महिन्यापासून देतो" असे सांगणे होते.

जकात हे देणे हिशेबाचे. ती रमजानमध्येच द्यावी असे बंधन नाही. ज्या चांद्र तारखेला तुमची संपत्ती निसाबाच्या, म्हणजे किमान मर्यादेच्या, वर गेली, तिला एक चांद्र वर्ष झाले की जकात लागू होते. पण रमजानमध्ये पुण्य जास्त म्हणून बहुतेक लोक हिशेब रमजानला बांधतात. तो शाबानमध्येच करून ठेवावा, म्हणजे रमजानचे दिवस आकडेमोडीत जात नाहीत आणि गरजूच्या हातात पैसे महिन्याच्या सुरुवातीला पडतात. हा निसाब: ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा ८७.४८ ग्रॅम सोने, आपल्या जुन्या भाषेत साडेबावन्न तोळे आणि साडेसात तोळे. दर अडीच टक्के. राहते घर, वापरातली गाडी, भांडीकुंडी, कारागिराची अवजारे यांवर जकात नाही.

समजा बँकेत ३ लाख, दुकानात विक्रीचा माल ४ लाखांचा, आणि अंगावर घालायचे सोने ३ लाखांचे. हनफी घरात हे सगळे धरून १० लाखांवर २५,००० रुपये होतात. शाफिई मतात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, म्हणून ७ लाखांवर १७,५०० रुपये. आपले आईवडील, मुले किंवा नातू यांना जकात देता येत नाही. गरजू बहीण, भाचा, चुलतभाऊ यांना देता येते, आणि आधी त्यांच्याकडेच पाहावे. देताना ही जकात आहे असे तोंडाने सांगायची गरज नाही. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. ईदच्या नमाजपूर्वी द्यायचा फितरा, म्हणजे घरातल्या माणशी गरिबाला द्यायचे धान्य किंवा त्याची किंमत, याहून वेगळा.

एवढी देणी मार्गी लागली की इबादतीला मन मोकळे होते. कुरआन याच महिन्यात उतरले, म्हणून रमजान त्याच्याभोवती फिरतो. त्याचे ३० पारे (भाग), आणि रमजानमधल्या रात्रीच्या जादा, तरावीहच्या नमाजमध्ये हाफिज साहेब, म्हणजे कुरआन पाठ असलेले, महिन्याभरात ते पढून संपवतात. मुंबईसारख्या शहरात व्यापाऱ्यांसाठी दहा दिवसांत कुरआन पुरे करणाऱ्या तरावीहसुद्धा असतात. घरी स्वतः एक खत्म (पूर्ण पठण) करायचा असेल तर गणित सोपे आहे: एक पारा साधारण २० पृष्ठांचा, पाच नमाजांनंतर चार-चार पृष्ठे. पण गेल्या ईदनंतर कुरआन जुजदानात (कापडी वेष्टनात) गुंडाळून कपाटावर ठेवले असेल, तर रमजानच्या पहिल्या दिवशी जीभ अडखळते. शाबानमध्ये रोज दोन पृष्ठे पढली तरी ती सुटते. आणि अर्थ वाचावा. मराठीत कुरआनचे अनुवाद आहेत. तरावीहमध्ये उभे राहताना त्या रात्रीच्या पाऱ्यात काय आहे हे दुपारी मराठीतून वाचलेले असेल, तर न कळणाऱ्या भाषेत तासभर उभे राहिल्यासारखे वाटत नाही. मूसा, यूसुफ, मरियम ही नावे ओळखीची होऊन कानावर पडतात.

मग राहते जीभ. खोटे बोलणे आणि त्यावर वागणे ज्याने सोडले नाही, त्याने खाणेपिणे सोडण्याची अल्लाहला काही गरज नाही, असे बुखारीत आले आहे. अकराव्या-बाराव्या शतकातले विद्वान इमाम गजाली यांनी रोज्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिली पोटाची आणि वासनेची, दुसरी डोळे, कान, जीभ, हात, पाय यांची, आणि तिसरी, अल्लाहशिवाय मनात दुसरे काही येऊ न देण्याची. तिसरी फार थोड्यांची. दुसरी मात्र आपल्या आवाक्यातली आहे, आणि ती एका रात्रीत येत नाही. कुरआनने पाठीमागच्या निंदेला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. भाकरी सोडून ते खायचे नसेल तर आधीपासून सवय हवी. मी स्वतः शाबानपासून एवढेच पाळते की संध्याकाळी चहाला कोणाचे नाव निघाले आणि सूर बदलला की विषय बदलायचा किंवा उठायचे. कोणी भांडायला आले तर "मी रोज्याने आहे" म्हणावे, असे हदीस सांगते. तेही आधी जिभेवर बसलेले बरे.

रोज्यांच्या आयतींच्या मधोमध, १८६ व्या क्रमांकावर, रोज्याचा उल्लेखही नसलेली एक आयत आहे: माझे बंदे तुला माझ्याविषयी विचारतील तर सांग, मी जवळच आहे, हाक मारणाऱ्याची हाक मी ऐकतो. दुआ काय मागायची ते आधी ठरवून ठेवलेले चांगले. इफ्तारच्या, म्हणजे रोजा सोडायच्या, वेळी पाच मिनिटे हातात असतात, भजी तळली जात असतात, मुले खजुराकडे हात नेत असतात, आणि ऐन वेळी काही सुचत नाही. कोणासाठी काय मागायचे याची यादी शाबानमध्ये करून ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या यादीत स्वतःचे नाव बहुधा शेवटी असते.

ज्यांना रोजा धरता येत नाही त्यांचीही तयारी असते, आणि त्यांना ती कोणी विचारत नाही. मधुमेह, रक्तदाब, किडनीचा आजार असलेल्यांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा बदलाव्या लागतात. त्या स्वतःच्या मनाने बदलू नयेत. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा लगेच सोडायचा, इफ्तारला दहा मिनिटे उरली असली तरी. डॉक्टर अजिबात नको म्हणाले तर ती सवलत कुरआननेच दिलेली आहे: बरे होणारा आजार असेल तर नंतर कजा, कायमचा असेल तर प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचे जेवण, म्हणजे फिद्या. उभे आयुष्य रोजे धरलेल्या वृद्धांना हे पटत नाही, ते रडतात. त्यांना मसला (धर्माचा नियम) ऐकवून भागत नाही. त्यांच्या हाताने फिद्याचे धान्य मोजून बाजूला काढायला लावावे, सहरीला त्यांनाही उठवावे, इफ्तारच्या दस्तरखानावर मधली जागा त्यांची ठेवावी.

शेवटी २९ शाबानची संध्याकाळ. गच्चीवर, कोकणात किनाऱ्यावर लोक पश्चिमेकडे पाहत उभे राहतात. मुंबईच्या जामा मशिदीची चाँद समिती आणि गावोगावच्या समित्या साक्षी तपासून घोषणा करतात. चाँद दिसला नाही तर शाबान ३० दिवसांचा धरतात. दाऊदी बोहरा समाजाचे पंचांग आधीच गणित करून ठरलेले असते, त्यामुळे त्यांचा रमजान बहुधा एक-दोन दिवस आधी लागतो. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून चाँद दिसला की पहिली तरावीह त्याच रात्री, पहिल्या रोज्याच्या आधी. आणि नियत, म्हणजे मनातला निश्चय, शाफिई घरांत पहाट फुटण्याआधी दर रात्री नव्याने करावा लागतो. हनफी मतात विसरले तरी दुपार व्हायच्या आधीपर्यंत मुभा आहे. तोंडाने अरबी वाक्य म्हणता आले नाही तरी चालते. उद्या रोजा आहे या विचाराने सहरीला उठून दोन घास खाल्ले, तरी नियत झाली असे उलेमा सांगतात.